'बाटगा' हा शब्द, येशूची ताकीद आणि आपली जीभ



गेल्या हिवाळ्यात अमरावतीत आमचा एक अभ्यासवर्ग झाला. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड वाचायला घेतला होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दलचे प्रकरण आले तेव्हा मुर्तिजापूरकडचा एक तरुण कार्यकर्ता सहज बोलून गेला, "आमच्या गावातही दोन-चार घरं बाटग्यांची आहेत. गव्हाच्या पोत्यासाठी गेले ते." मागे बसलेली एक मुलगी उभी राहिली. तिची पणजी दुष्काळात मिशनच्या अनाथालयात वाढलेली. ती एवढेच म्हणाली, "दादा, आमच्या पणजीला गावानं गहू दिला असता तर ती कशाला गेली असती? अन् बाटगा म्हणजे काय, ते तरी सांगा."

वर्ग गप्प झाला. उत्तर त्या मुलाकडे नव्हते आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याकडेही नव्हते. हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

शिवी म्हणजे काय? शिवीने माणसाचे काय जाते? शिवी देणाऱ्याला शिक्षा कोणी, कुठे आणि किती द्यायची? हे प्रश्न आपल्याला ॲट्रॉसिटी कायद्यामुळे माहीत आहेत. पण ते फार जुने आहेत. मनूने त्यांचे एक उत्तर दिले, येशूने दुसरे, बुद्धाने तिसरे. ही तिन्ही उत्तरे वऱ्हाडच्या मातीत एकमेकांना भेटली. म्हणून हा इतिहास आपल्या घरचा आहे.

येशूने काय सांगितले?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरचे प्रवचन आहे. तिथे येशू जुन्या आज्ञेपासून सुरुवात करतो. खून करू नये, हे सर्वांना ठाऊक होते. येशू एक पायरी खाली उतरतो. भावावर राग धरणारा न्यायासमोर उभा राहील, त्याला 'रका' म्हणणारा वरिष्ठ न्यायसभेसमोर उभा राहील आणि त्याला मूर्ख म्हणून हिणवणारा नरकाच्या आगीला पात्र ठरेल, असा त्या शिकवणुकीचा आशय आहे.

'रका' हा अरामी भाषेतला शब्द. अर्थ साधारण 'रिकाम्या डोक्याचा', 'पोकळ', ज्यात काहीच नाही असा. आजच्या कानाला ही शिवी किरकोळ वाटेल. वऱ्हाडात सकाळपासून संध्याकाळपर्यंत याच्या शंभरपट कडक शिव्या ऐकू येतात. मग एवढ्याशा शब्दाला एवढी मोठी शिक्षा का?

कारण इथे मोजमाप शब्दाच्या कडकपणाचे नाही. समोरच्याला 'तू रिकामा आहेस' म्हणणे म्हणजे 'तुझी किंमत शून्य आहे' म्हणणे. आणि ज्याची किंमत शून्य ठरली त्याला मारायला हात कचरत नाही. खून हे शेवटचे टोक आहे, त्याची पहिली पायरी तुच्छता आहे. हे आपल्याला कोणी धर्मशास्त्रातून शिकवायची गरज नाही. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी जे घडले ते त्या दिवशी सुरू झाले नव्हते. त्याच्या आधी वर्षानुवर्षे त्या कुटुंबाला गावाने शब्दांनी खाली पाडले होते.

या ताकिदीमागे यहुदी परंपरेतला एक जुना विचार आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला असे म्हटले आहे. नीतिसूत्रांत गरिबावर जुलूम करणे हा त्याच्या निर्मात्याचा अपमान मानला आहे. याकोबाच्या पत्रात तर जिभेचीच झाडाझडती आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपातल्या माणसाला शाप द्यायचा, ही विसंगती तिथे पकडली आहे. आपण ईश्वर मानत नाही, त्यामुळे हा पाया आपला नाही. पण त्यावर उभे केलेले विधान नीट पाहा. त्यात माणसाची किंमत जन्माने कमी-जास्त होत नाही. भाऊ म्हणून ज्याला हाक मारली तो सोनार की चांभार, हा प्रश्नच तिथे येत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. त्याच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू स्वतः शास्त्री-परूशांना मूर्ख आणि आंधळे म्हणतो. मग त्याची स्वतःची शिकवण कुठे गेली? माझ्या मते फरक दिशेचा आहे. तिथे तो धर्माच्या नावावर लोकांच्या खांद्यावर ओझी लादणाऱ्या, मानाच्या जागा बळकावणाऱ्या वर्गावर तुटून पडतो. सत्तेला जाब विचारणे वेगळे आणि दुबळ्याला हिणवणे वेगळे. जोतीरावांनी भटशाहीवर आसूड ओढले, म्हणून त्यांना आणि गावच्या पाटलाला एकाच तराजूत कोणी घालत नाही.

नरक म्हणजे नेमके काय?

मराठी बायबलमध्ये 'नरक' हा शब्द आहे. तो वाचला की आपल्या डोळ्यांपुढे गरुडपुराण येते. यमदूत, कुंभीपाक, उकळत्या तेलाच्या कढया. मूळ ग्रीक ग्रंथात या ठिकाणी 'गेहेन्ना' हा शब्द आहे. ती एक खरीखुरी जागा आहे. यरुशलेम शहराच्या दक्षिणेला हिन्नोमची दरी आहे, तिचे हे नाव. इब्री ग्रंथांनुसार या दरीत एके काळी मोलख दैवतासाठी स्वतःची लेकरे आगीत टाकली जात. यिर्मया संदेष्ट्याने या जागेला कत्तलीची दरी म्हटले. तिथे शहराचा कचरा जळत असे, असे प्रवचनात नेहमी सांगतात, पण ती माहिती मध्ययुगातल्या एका भाष्यकाराच्या आधी सापडत नाही. खरी आठवण कचऱ्याची नाही, धर्माच्या नावावर जाळलेल्या लेकरांची आहे.

म्हणजे येशू ऐकणाऱ्याला सांगत होता की माणसाला तुच्छ लेखणारी वाट त्या दरीत जाते, जिथे माणसांनी देवाच्या नावाने आपलीच माणसे जाळली. अनुवादात ती दरी गेली आणि पुराणातला नरक आला. मराठी माणसाने नरक म्हणजे मेल्यावरची भीती असे ऐकले. जिवंतपणी केलेल्या अन्यायाची जागा त्यात हरवली.

लूकच्या सोळाव्या अध्यायातला दृष्टान्त हेच दाखवतो. एक श्रीमंत रोज मेजवानी झोडतो. त्याच्या दारात लाजर नावाचा फोडांनी भरलेला भिकारी पडून असतो. दोघे मरतात. लाजर अब्राहामाच्या जवळ जातो, श्रीमंत आगीत जातो. इथे तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, गरिबाला नाव आहे, श्रीमंताला नाही. दुसरी, श्रीमंताने लाजरला मारल्याचे किंवा शिवी दिल्याचे कुठेही म्हटलेले नाही, त्याने त्याला फक्त माणसात धरले नाही. तिसरी सर्वात महत्त्वाची. आगीत जळतानाही तो श्रीमंत लाजरशी बोलत नाही, अब्राहामाला सांगतो की लाजरला पाणी घेऊन पाठव. पुढे म्हणतो, त्याला माझ्या भावांकडे निरोप घेऊन पाठव. नरकातही त्याला महारकी करणारा माणूस हवा आहे! जातीचा माज कसा असतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीत इतके स्वच्छ आले आहे.

मनूची जीभ

आता हाच प्रश्न मनुस्मृतीला विचारू. तिच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीच्या शिक्षा आहेत. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला १०० पण दंड. वैश्याला १५० किंवा २००. शूद्राला देहदंड. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर ५० पण, वैश्याला दिली तर २५, शूद्राला दिली तर १२. द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटायची. नाव आणि जात घेऊन हिणवले तर दहा अंगुळे लांब तापलेला लोखंडी खिळा तोंडात घालायचा. ब्राह्मणाला धर्म शिकवायला गेला तर तोंडात आणि कानात उकळते तेल ओतायचे. अतिशूद्राला कोणी शिवी दिली तर काय, याचा तर हिशेबही नाही.

म्हणजे नरकाची वाट पाहण्याची गरज मनूला नव्हती. त्याने तो इथेच बांधला आणि त्यात कोणाला टाकायचे तेही ठरवले. येशूच्या ताकिदीत शिवी देणारा आगीत जातो. मनूच्या कायद्यात ज्याने आयुष्यभर शिव्या खाल्ल्या त्याने एकदा तोंड उघडले तर त्याच्या तोंडात आग जाते.

आणि शिवी काय फक्त भांडणातच असते? दुसऱ्या अध्यायात मनू नाव ठेवण्याचा नियम सांगतो. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, शूद्राचे तिरस्कार दाखवणारे. आपल्या आज्यांची नावे आठवा. गणपतचा गणप्या, रामाचा राम्या. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचे दहा वर्षांचे पोर 'अरे राम्या' म्हणायचे आणि म्हाताऱ्याने वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचे. जातीच्या नावाला 'डा' लावायचा की झाली शिवी. रोजचे बोलणेच शिवीचे असेल तर वेगळी शिवी द्यावी तरी कशाला?

१३ आणि १४ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न तापला होता. याच वेळी थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी त्यांना अमरावतीत कळली. दुःख पोटात ठेवून त्यांनी परिषदेचे काम पुढे नेले. मागणी देवीच्या दर्शनाची दिसत होती, पण लढाई माणूस म्हणून बरोबरीने उभे राहण्याची होती. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जळाली. योगायोगाने तो नाताळचा दिवस होता. जी स्मृती आमच्या तोंडात आग घालायला सांगत होती, तिलाच आग दिली गेली.

वऱ्हाडात मिशन आले, आणि 'बाटगा' हा शब्द

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. रेल्वे आली, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि मागोमाग मिशनरी आले. अकोला, अमरावती, खामगाव, बुलडाणा या भागांत अमेरिकन अलायन्स मिशनने ठाणी उघडली. १८९० च्या सुमारास एलिचपूर आणि मेळघाटच्या कोरकूंमध्ये काम करणारे मिशन उभे राहिले. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन होते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्याच्यामागून १८९९-१९०० चा छप्पनचा काळ. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात खायला धान्य नव्हते. भूमिहीन महार-मांग आणि डोंगरातले कोरकू सर्वात आधी मेले. मागे राहिलेली पोरे मिशनच्या अनाथालयांनी उचलली. पंडिता रमाबाईही त्या काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या, त्यांतून केडगावचे मुक्ती मिशन वाढले.

या पोरांना पुढे गावाने नाव दिले, 'बाटगे'. आता त्या मुलीचा प्रश्न घ्या. बाटणे म्हणजे विटाळणे. ब्राह्मणी हिशेबात महार आणि मांग जन्मतःच विटाळलेले. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, तो बपतिस्मा घेऊन बाटला कसा? जे आधीच अशुद्ध ठरवले ते आणखी अशुद्ध कसे होणार? या शब्दात तर्क नाही, यात मालकी आहे. तू आमचा गडी होतास, आमच्या परवानगीशिवाय दावणीतून सुटलास, हा त्या शब्दाचा खरा अर्थ. १९५६ नंतर हाच राग 'नवबौद्ध' या शब्दाच्या उच्चारात आला आणि 'जयभीमवाले' म्हणताना ओठ वाकडे होतात त्यातही तो आहे. म्हणून आपल्यातला एखादा पोरगा ख्रिस्ती मांगाला बाटगा म्हणतो तेव्हा तो नकळत पाटलाच्या ओसरीवर बसून बोलत असतो.

जोतीरावांना हे समजले होते. ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडात बपतिस्मा घेतला आणि सनातनी व सुधारक दोघेही त्यांच्यावर तुटून पडले, तेव्हा १८८५ च्या 'सत्सार'मध्ये जोतीराव रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. धर्म पटणे वेगळे आणि धर्म निवडण्याचा माणसाचा हक्क मानणे वेगळे. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापला तो 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राने. पेशवाईत मांग-महारांचे काय हाल झाले आणि वेद ब्राह्मणांचे तर आमचा धर्म कोणता, हा सवाल तिने त्यात विचारला. तिला जागा कोणी दिली हे विसरणे कृतघ्नपणा ठरेल.

मग बाबासाहेब ख्रिस्ती का झाले नाहीत?

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा लेख चर्चची वकिली करतो आहे. तसे नाही. येशूची ताकीद शिवी देणाऱ्याला होती. पण मिशनच्या प्रचारात नरक बहुतेक वेळा शिवी खाणाऱ्यालाच दाखवला गेला. तू पापी आहेस, पश्चात्ताप कर, नाहीतर आगीत जाशील. हे ऐकणारा कोण? ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या पापाची शिक्षा भोगली तो! पाटलाच्या वाड्यापुढे उभे राहून लाजरची गोष्ट सांगायला हवी होती, ती महारवाड्यात लाजरलाच सांगितली गेली. अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांनाही मालकाची आज्ञा पाळा, म्हणजे स्वर्ग मिळेल, असे शिकवले गेले. तिथल्या काळ्या माणसांनी पुढे त्याच ग्रंथातून मुक्तीचा अर्थ काढला, हा त्यांचा पराक्रम.

बाबासाहेबांनी याच ठिकाणी बोट ठेवले. धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दाखवले की माणसाचे पतन मूळ पापामुळे झाले ही शिकवण समाजशास्त्राच्या विरुद्ध आहे. अस्पृश्य खाली पडला तो अन्यायी समाजरचनेमुळे. त्याला 'तुझ्या पूर्वजांच्या पापामुळे' असे सांगितले की त्याची लढण्याची धग विझते. गेल्या जन्मीचे कर्म आणि आदिमानवाचे पाप, दोन्हींचा बोजा पीडिताच्याच डोक्यावर. त्याच लेखनात त्यांनी मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या कामाचे मोल मान्य केले आणि चर्चमध्ये शिरलेली जातही उघडी केली. १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर सांगितला आणि दक्षिणेतल्या जाती पाळणाऱ्या चर्चवर टीकाही केली. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती स्मशानात दलित प्रेते वेगळी ठेवणारी भिंत ही त्या टीकेची साक्ष आहे. ज्याला भाऊ म्हणायचे त्यालाच भिंतीपलीकडे पुरायचे, मग डोंगरावरच्या प्रवचनाचे काय उरले? हा जाब पुढे ख्रिस्ती दलितांनीच विचारला. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी बेंगळुरूत दलित धर्मशास्त्राची मांडणी केली, ती याच प्रश्नातून.

नरकाची भीती गुन्हा, आणि शिवी?

आपल्या भागाच्या इतिहासातले एक पान फार कमी जणांना माहीत आहे. १९५४ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तेव्हा राजधानी नागपूर होती आणि वऱ्हाड त्याच राज्यात होता. १९५६ मध्ये अहवाल आला. तो मिशनऱ्यांवर कठोर होता. धर्मांतरविरोधी कायद्यांचे समर्थक आजही त्याचा दाखला देतात. आणि गंमत पाहा, तेच नियोगी १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यात बौद्ध झाले. इतिहास सरळ रेषेत चालत नाही तो असा.

पुढे ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदे केले. त्यांत 'बळजबरी'च्या व्याख्येत दैवी कोपाची धमकीही घातली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले. म्हणजे धर्मांतर करवताना नरकाचे भय दाखवणे ही बळजबरी ठरली. ठीक आहे. पण गरुडपुराण लावून, दान केले नाही तर बाप नरकात तडफडेल असे सांगून दक्षिणा घेणाऱ्याच्या भयाचे काय? त्या व्याख्येत सामाजिक बहिष्काराची धमकीही आहे. मग मूळ धर्मात राहावे म्हणून गावाने टाकलेल्या बहिष्काराची गणती त्याच कायद्यात का नाही? भीती एकाच दिशेने मोजणारा तराजू हा मनूच्या १२ आणि १०० पणांचाच तराजू आहे.

बुद्धाने शिवीचे काय केले?

संयुत्त निकायात अक्कोस भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. तो बुद्धाला येऊन वाटेल तशा शिव्या देतो. बुद्ध विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांनी वाढलेले खाल्ले नाही तर ते कोणाचे राहते? तो म्हणतो, माझेच. मग या शिव्याही मी घेत नाही, त्या तुझ्याच राहिल्या, हा बुद्धांच्या उत्तराचा मतलब. सुत्तनिपातातल्या वसलसुत्तात दुसरा भारद्वाज बुद्धाला 'वसल' म्हणजे नीच म्हणतो. बुद्ध संतापत नाहीत. वसल कोण असतो ते तुला ठाऊक आहे का, असे विचारून ते त्या शब्दाचा अर्थच फिरवतात. माणूस जन्माने नीच ठरत नाही, करणीने ठरतो. शिवी हातात घेऊन तिचा निकष करून दाखवला!

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की पाली ग्रंथांतही निरय आहे, सत्पुरुषांची निंदा करणारा कोकालिक तिथे जातो अशी कथा आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या हाती जो धम्म दिला त्यात मेल्यानंतरच्या भीतीला जागा नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग आहे आणि त्या मार्गात सम्यक वाचा आहे. शिवी वाईट, कारण ती माणसामाणसांतले नाते मारते. हे कळायला आगीची गरज नाही.

पण एक धोका इथे आहे. 'शिवी घेऊ नका' हे वाक्य पीडितालाच ऐकवून अन्याय पचवायला लावता येते. बुद्धाला शिवी देणाऱ्याच्या मागे गावचे पाणी बंद करण्याची ताकद नव्हती. पाटलाच्या शिवीमागे ती असते. म्हणून बाबासाहेबांनी धम्माच्या जोडीला संविधानही दिले.

कायदा कोणाच्या बाजूने?

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. आजच्या कलम ३(१) च्या 'आर' आणि 'एस' या पोटकलमांत लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान आणि जातीवाचक शिवीगाळ हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. मनूचा तराजू या कायद्याने उलटा केला. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेले बोलणे यात बसत नाही. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आतली तुच्छता त्याच्या हाती लागत नाही. हक्कांचे रक्षण निव्वळ कायदा करत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते, असे बाबासाहेबांनी १९४३ च्या रानडे व्याख्यानात बजावले होते ते यासाठीच.

आता खरा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षे केंद्राच्या यादीच्या दृष्टीने धर्म बदलल्याबरोबर आपली जात संपली होती, गावाच्या दृष्टीने मात्र नव्हती! ते दुःख आपण भोगले आहे. ख्रिस्ती दलित आजही त्याच दाराबाहेर उभे आहेत. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाद्रीची जातीवाचक शिवीगाळीची फिर्याद याच कारणावर रद्द केली. तो ख्रिस्ती झाला म्हणून त्याला या कायद्याचे संरक्षण नाही.

वऱ्हाडात याचा अर्थ काय होतो पाहा. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणून मेळघाटातला ख्रिस्ती कोरकू या कायद्याखाली फिर्याद देऊ शकतो. अकोल्याचा ख्रिस्ती मातंग देऊ शकत नाही. दोघांच्या पणज्या एकाच दुष्काळात उपाशी होत्या. दोघांनी एकच प्रार्थना म्हटली. शिवी देणारा तर बपतिस्म्याचा दाखला मागून शिवी देत नाही. त्याला जात दिसते, कायद्याला दिसत नाही. २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. आरक्षणाच्या वाट्याबद्दल आपल्यात मतभेद असतील, त्यावर बसून बोलू. पण शिवीपासूनचे संरक्षण वाटून कमी होत नाही. दुसऱ्याला मिळाल्याने माझे घटत नाही. निदान ही मागणी आंबेडकरी चळवळीने मोकळ्या मनाने केली पाहिजे.

शेवटी आपल्या जिभेबद्दल

नरक मेल्यानंतर आहे की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. आपल्या आज्यांनी तो जिवंतपणी पाहिला. तो विहिरीवर होता, शाळेच्या उंबऱ्यावर होता, अंबादेवीच्या पायरीवर होता. तो शब्दांनी बांधला होता, म्हणून शब्दांनीच तो पुन्हा उभा राहू शकतो. आणि तो बांधणाऱ्यांत आपण असू नये. मोबाईलवर रात्री बारा वाजता आपली पोरे एकमेकांना काय लिहितात, दुसऱ्या गटातल्या बौद्धाला काय म्हणतात, मातंग आणि चर्मकार बांधवांबद्दल खासगीत काय बोलतात, हे एकदा परत वाचून पाहा. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या नातवांच्या बोटांवर तिचीच भाषा असेल तर महाडची आग वाया गेली.

सत्तेला कडक शब्दांत जाब विचारा. तो आपला वारसा आहे. पण आपल्यापेक्षा दुबळ्याला, आपल्यासारख्याच पिचलेल्याला 'रिकामा' म्हणू नका.

त्या वर्गानंतर मुर्तिजापूरचा तो मुलगा त्या मुलीला भेटला. म्हणाला, "ताई, चुकलं माझं. तुमच्या पणजीची गोष्ट पुढच्या वर्गात तुम्ही सांगा." ती पुढच्या महिन्यात सांगणार आहे. अकोला-अमरावतीच्या कार्यकर्त्यांनी यावे आणि येताना आपल्या गावातल्या त्या 'दोन-चार घरां'तल्या कोणाला तरी सोबत आणावे.

जय भीम! नमो बुद्धाय!